आधी विचारायचं, मग काढायचं

सुचिता जाऊन आठ महिने झाले होते. त्या दिवशी दुपारी तीन वाजता अलिबागला सुनावणी होती. तिने बारा वर्षं काढलेले फोटो तिथे दाखवायचे होते आणि ते सगळे एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये होते. दुसरीकडे कुठेही नव्हते. तिच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तेवढी जागा नव्हती, आणि दुसरी प्रत करून ठेवायला हवी असं ती दर दिवाळीला म्हणायची.

फोटो चिखलाचे होते. सुचिताचं माहेर खारवेळे, खाडीकाठचं भाताचं गाव. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे खाडीच्या कडेने मातीचा बांध आहे. बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या उधाणाला तो फुटला. अशा फुटलेल्या जागेला ते लोक खांड म्हणतात. खांड वेळेवर बुजवली गेली नाही. पाणी रोज आत येऊ लागलं, भात संपलं आणि काही वर्षांनी शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. कागदोपत्री मात्र कुठेतरी असं लिहिलं गेलं की तिवरं तिथे पहिल्यापासूनच आहेत. त्यावरच ही सुनावणी होती. तेच कायम झालं तर, तिवरांना कायद्याने हात लावता येत नाही म्हणून, त्या जागी पुन्हा बांध घालता येणार नव्हता. सुचिताचा भाऊ कोंडाजी याची तीन एकरं आणि आणखी अकरा घरांची जमीन कायमची पाण्याखाली जाणार होती. आधी भात होतं आणि तिवरं नंतर आली हे दाखवायला गावाकडे एकच पुरावा होता, तो म्हणजे सुचिताचे फोटो.

ती हायस्कूलमध्ये क्लार्क होती. वर्षातून दोनदा, मोठ्या उधाणाच्या दिवशी रजा टाकून ती माहेरी जायची आणि खांडीचे फोटो काढायची. मी एकदाही बरोबर गेलो नाही. मला शिफ्ट असायची. नसली तरी गेलो नसतो. चिखलाचे फोटो काढायला रजा कशाला, असं मी तिला म्हणालेलो आहे.

मी एका केमिकल प्लांटमध्ये तेहतीस वर्षं फील्ड ऑपरेटर होतो. पॅनलवर कुठला दिवा लागलाय हे कंट्रोल रूमवाले बघतात. प्रत्यक्ष पंपाशी, व्हॉल्व्हशी जायचं ते आम्ही. लाइन उघडायच्या आधी मी पंपाच्या अंगावर तळहात ठेवायचो. चालू पंप हाताला थरथरतो, बंद पंप गप्प असतो. पॅनलचा दिवा खोटा निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय. हात कधी खोटा निघाला नाही. नव्या ऑपरेटरांनाही मी हेच शिकवायचो.

घरातही माझा तोच स्वभाव. टीव्हीला लावलेला पेनड्राइव्ह मी असाच ओढून काढायचो. तसं करून एकदा तिची भजनं गेली. तेव्हा तिने कॉम्प्युटरच्या कडेला एक कागद चिकटवला. निळ्या पेनाने लिहिलं होतं : ‘आधी विचारायचं, मग काढायचं.’ तो कागद अजून तिथे आहे.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तिने डिस्कचं सांगितलं. कोंडाजीची सुनावणी लागेल तेव्हा तू स्वतः घेऊन जा, म्हणाली. आणि काढताना नीट काढ.

त्या दिवशी कोंडाजी आणि त्याची बायको जनी बारा वाजता थळला माझ्या घरी आले. रिक्षा करून आले होते आणि तीच पुढे अलिबागला न्यायची म्हणून थांबवून ठेवली होती. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं होतं की फोटो दीडच्या आत आणून द्या, म्हणजे तीनच्या आधी ते सुनावणी घेणाऱ्या मॅडमच्या मशीनवर घेऊन ठेवता येतील.

डिस्क मी सकाळीच लावून ठेवली होती. कोंडाजीच्या फोनमध्ये गेल्या महिन्यातल्या उधाणाचे चाळीस-एक फोटो आणि दोन लांबलचक व्हिडिओ होते. ते डिस्कमध्ये घ्यायचे होते. सुचिता गेल्यावरची ती पहिलीच फेरी, कोंडाजीने एकट्याने केलेली. फोन लावला, फोटो उचलले, तिच्या फोल्डरांशेजारी नवा फोल्डर करून त्यात टाकले. पट्टी हळूहळू सरकली. एक वाजायला दहा मिनिटं असताना ती भरली आणि गेली.

मग मी विचारलं. म्हणजे खाली कोपऱ्यातल्या खुणेवर जाऊन डिस्क काढायची परवानगी मागितली. कॉम्प्युटरने सांगितलं, डिस्क वापरात आहे. उघडलेले प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

मी सगळं बंद केलं. पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

जनी आधीच रिक्षात जाऊन बसली होती. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. कोंडाजी दारात उभा होता. “अजून किती वेळ, भावोजी?”

मी म्हटलं, काढू देत नाही.

“कोण काढू देत न्हाय?”

“कॉम्प्युटर.”

“घरात तिसरं कोण न्हाय. कोण वापरतंय मग?” तो आत आला आणि पडद्याकडे बघत राहिला. “अख्खा प्लांट बंद करायचेत तुम्ही. एक वायर निघंना व्हय?”

मी तिसऱ्यांदा विचारलं. वापरात आहे. एक वाजून सहा मिनिटं झाली. थळहून अलिबागला वीस मिनिटं लागतात. चौकात गाड्या अडकल्या तर जास्त.

तेव्हा मी डिस्कवर तळहात ठेवला. फोटो जात असताना ती आतून बारीक थरथरत होती. आता काही नाही. मी अर्धा मिनिट हात तसाच ठेवला. गप्प. दिवा लागलेला होता पण लुकलुकत नव्हता. पॅनल खोटं बोलतंय, असं माझ्या मनाने घेतलं. पट्टी संपलेली मी डोळ्यांनी पाहिली होती आणि मशीन थांबलेलं हाताने. आणखी काय विचारायचं?

मी वायर ओढली.

डिस्क पंच्यात गुंडाळून सुचिताच्या डब्यात ठेवली आणि आम्ही निघालो. वाटेत जनीने डबा मांडीवर घेतला होता. मला बरं वाटत होतं, ते लपवत नाही. तिने सांगितलेलं एक काम माझ्या हातून होत होतं.

दीडला दोन मिनिटं असताना आम्ही कचेरीत पोचलो. कारकून जेवायला उठतच होता, पण बसला. डिस्क त्याने आपल्या मशीनला लावली. मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो. जरा वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजी मला वाचता येतं. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

कारकुनाला घाई होती. त्याचा हात माउसवर होता आणि बाण त्या चौकटीवरच होता. मी त्याचं मनगट धरलं.

“साहेब, दाबू नका.”

तो म्हणाला, दाबत नाहीये, रद्द करतोय. मी तरी हात सोडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताने मागून वायर काढून डिस्क माझ्या हातात दिली. रागावला नाही. म्हणाला, तुमच्या डिस्कमध्ये काहीतरी झालंय, दुसरी कॉपी असेल तर आणा. तीनला तुमचा नंबर आहे. आजची तारीख शेवटची आहे, मॅडम उद्या अहवाल वर पाठवणार.

बाहेर व्हरांड्यात आलो. कोंडाजीला फॉरमॅट म्हणजे काय ते मी सांगितलं. पाटी पुसतात तसं.  जनी बाकावर बसली होती, डबा तिच्या मांडीवर उघडाच होता. मी घरी काय केलं तेही सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

कोंडाजीने रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, “घरी चालत होती ना ती? तुम्ही बघितलीत. हितं लावली आणि बंद पडली. त्यांच्या मशीनमध्ये बंद पडली.”

मला कळायला थोडा वेळ लागला.

“असंच सांगायचं आत,” तो म्हणाला. “मग त्यांना तारीख द्यावीच लागेल. चूक त्यांची.”

मी म्हटलं, आधी बघू काही होतंय का. वाद घालायला वेळ नव्हता. पण तो जे म्हणाला ते कोणी खोडून काढू शकणार नव्हतं, हे मला तेव्हाच समजलं होतं. कारकुनाच्या टेबलावर काय झालं याला आम्ही तिघे साक्षीदार होतो. माझ्या घरात काय झालं याला मी आणि कोंडाजी.

बाजारात मैथिलीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुचिताच्या शाळेतली मुलगी, दहावीचा फॉर्म सुचिताने भरून घेतलेला. तेराव्याला घरी येऊन गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी डिस्क दिली आणि सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. फक्त विचारलं, त्यानंतर कोणी काही दाबलं का? नाही म्हटल्यावर तिने डिस्क हातात घेतली.

“काका, पट्टी संपली म्हणजे लिहून झालं असं नाही,” ती म्हणाली. “कॉम्प्युटर आधी आपल्याकडे घेऊन ठेवतो आणि मग सावकाश डिस्कवर उतरवतो. मध्ये डिस्क गप्पही बसते. पण काम बाकी असतं.”

“हाताला थरथर नव्हती,” मी म्हटलं.

“नसेल. पण बाकी काम डिस्कमध्ये नव्हतंच. ते कॉम्प्युटरकडे होतं.”

तेहतीस वर्षांत मला असा पंप भेटला नव्हता, जो बंद आहे आणि तरी त्याचं काम बाकी आहे. मी तिला विचारलं, मग काय करायला हवं होतं? ती म्हणाली, थांबायचं, नाहीतर कॉम्प्युटर सरळ बंद करायचा, मग तो आपोआप सगळं लिहून मोकळा होतो. प्लांटमध्ये एका पंपासाठी अख्खा प्लांट बंद करत नाहीत. मला ते सुचलंच नाही.

तिने पुढचं सांगितलं ते असं. फोटो बहुतेक डिस्कवरच होते. पण कुठला फोटो कुठे ठेवलाय याची एक यादी डिस्कच्या सुरुवातीला असते आणि ती अर्धवट लिहिली गेली होती. आता दोन रस्ते होते. एक म्हणजे कॉम्प्युटरलाच त्या डिस्कची दुरुस्ती करायला सांगायची. पंधरा मिनिटांत होईल. जमलं तर तीनच्या आत फोटो हातात. पण तो अंदाजाने यादी लिहितो आणि जे जुळत नाही ते टाकून देतो. एकदा टाकलं की मग काढणं फार कठीण. दुसरा रस्ता म्हणजे डिस्कला काही न करता तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि जे काय करायचं ते नकलेवर करायचं. बिघडलं तर पुन्हा नक्कल. त्याला चार तास तरी लागणार.

“चार तासांनी कचेरीला कुलूप असेल,” कोंडाजी म्हणाला.

मैथिलीने डिस्क टेबलावर ठेवली.

“पंधरा मिनिटांचं कर,” कोंडाजी तिला म्हणाला. “जमलं तर जमलं.”

“न जमण्याची शक्यता किती?” मी विचारलं.

ती म्हणाली, सांगता येत नाही, काका. निम्मी धरा.

“निम्मी म्हणजे पुष्कळ हाय,” कोंडाजी म्हणाला. “आज न्हाय दाखवलं तर पुढं फोटो असून काय उपयोग? पूजेला ठेवायचे?” मग तो माझ्याकडे वळला. “जमीन माझी हाय, भावोजी.”

ते खरं होतं. जमीन त्याची होती. फोटो सुचिताचे होते, आणि ते त्याच्या जमिनीसाठीच काढलेले होते. माझं त्यात काय होतं? एक ओढलेली वायर. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. मैथिली दोन्ही हात टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत होती.

अडकलेल्या व्हॉल्व्हवर जोर लावायचा नसतो. जोर लावला की दांडा तुटतो आणि मग तो उघडतही नाही नि मिटतही नाही. हे मला माहीत होतं आणि तरी तासाभरापूर्वी मी जोर लावला होता. पुन्हा तेच करायचं नाही एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

“नक्कल कर,” मी म्हटलं. “कोंडाजी, मी आत जाऊन एक दिवस मागतो. नाही मिळाला तर मला काय बोलायचं ते बोल. जन्मभर बोल.”

तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. जनीने त्याच्या पाठीला हात लावला तर त्याने झटकला.

आम्ही परत गेलो. कचेरीच्या दारात कोंडाजीने माझी बाही धरली. “त्यांच्या मशीनमध्ये बंद पडली, एवढंच सांगा,” तो म्हणाला. “खोटं न्हाय ते. तिथंच बंद दिसली.”

तीन वाजून दहा मिनिटांनी आमचा नंबर लागला. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. कारकून बाजूला बसला होता. मॅडमनी फाइल चाळली आणि विचारलं, बारा वर्षांचे फोटो जोडणार असं लिहिलंय, ते कुठे आहेत?

कारकून म्हणाला, दुपारी डिस्क आणली होती, पण आपल्या मशीनवर उघडली नाही.

एवढं त्यानेच सांगितलं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. मॅडम त्याला म्हणाल्या, तुमच्या मशीनचं ते नेहमीचंच आहे, परवाही असंच झालं होतं. कारकून खाली बघून काहीतरी लिहायला लागला. कोंडाजीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि तसाच राहिला.

प्लांटमध्ये लॉगबुक असतं. ज्याने व्हॉल्व्ह उघडला त्याने लिहायचं आणि खाली सही करायची. चुकीचा उघडला असला तरी त्यानेच. मी कधी दुसऱ्याच्या नावावर लिहिलं नाही. आणि सुचिताच्या डिस्कचं पहिलं खोटं माझ्या तोंडून निघावं हे मला जमेना.

“यांच्या मशीनचा दोष नाही,” मी म्हटलं. “डिस्क मी बिघडवली. घरी कॉम्प्युटर नाही म्हणत असताना मी ओढून काढली.”

कोंडाजीने गुडघा बाजूला घेतला.

मॅडमनी चष्मा खाली घेतला. “नाही म्हणत असताना का काढलीत?”

“हात लावून पाहिला. थांबल्यासारखी वाटली.”

“तुमचं काय नातं या केसशी?”

मी सांगितलं की फोटो माझ्या बायकोने काढले, ती आता नाही, आणि डिस्क आणून देण्याचं काम तिने मला सांगितलं होतं. डिस्क बाजारात दुरुस्तीला आहे हेही सांगितलं. उद्या सकाळपर्यंत वेळ मागितला.

मॅडम म्हणाल्या, असं प्रत्येकाला थांबवून ठेवता येत नाही. उद्या दुपारी अहवाल जायचाय. आणि फोटो नुसते कुठलेही चालणार नाहीत. जागा तीच आहे हे कशावरून? चिखल सगळीकडे सारखाच दिसतो.

तेव्हा जनी बोलली. ती तोवर दाराजवळ उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

“मी हाय त्यात,” ती म्हणाली.

मॅडमनी तिला पुढे बोलावलं. जनीने सांगितलं की तिची नणंद दर उधाणाला तिला त्याच जागी उभं करायची. बांधाच्या तुटलेल्या टोकाशी एक दगड आहे, त्यावर. हातात रंगाचे पट्टे मारलेली काठी. पाणी कुठवर आलं ते काठीवर दिसायचं. मागे डोंगराची सोंड आली पाहिजे, हा तिचा हट्ट. बारा वर्षं तोच दगड, तीच काठी आणि तीच जनी.

“तिवरं किती होती तेव्हा?” मॅडमनी विचारलं.

“पहिल्या वर्षी न्हाय एकबी. मागं भाताची खुंटं. तिसऱ्या वर्षी इतकी.” जनीने घोट्याशी हात नेला. “पाचव्याला इतकी.” गुडघा. “मग कमरेला आली. आता मी दगडावर उभी राहिले तर मागचा डोंगर दिसत न्हाय.”

ती हे सांगत होती तेव्हा तिचा हात स्वतःच्या अंगावरून वर वर जात होता. मॅडम ते बघत होत्या. मग त्यांनी कारकुनाला हे सगळं लिहून घ्यायला सांगितलं आणि जनीचा अंगठा नको, सही घ्या, म्हणाल्या, कारण जनीने पेन आधीच हातात घेतलं होतं.

मला त्या म्हणाल्या, “तुम्ही आत्ता बोललात ते कागदावर लिहा. डिस्क कशी बिघडली ते. सही करा. उद्या साडेदहाला फोटो इथे असले आणि ही बाई सांगते तसे असले तर मी बघेन. साडेअकराला मी नाही बघणार.”

मी लिहून दिलं. बाहेर आल्यावर कारकून आमच्या मागून आला आणि मला नुसतं एवढंच विचारलं की चहा घेणार का. नको म्हटलं. कोंडाजी तोवर गेटपाशी गेला होता.

संध्याकाळी साडेसहाला नक्कल पुरी झाली. आम्ही तिघे दुकानात उभे होतो. कोंडाजी माझ्याशी बोलत नव्हता. मूळ डिस्क मैथिलीने कॉम्प्युटरला विचारून काढली आणि माझ्याकडे दिली. मी ती डब्यात ठेवली आणि डबा दोन्ही हातांनी धरून बसलो. मग तिने नकलेवर काम सुरू केलं. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. दुसऱ्या प्रकाराने करून बघते म्हणाली. पडद्यावर नुसते आकडे जात होते. कोंडाजीने दोनदा विचारलं, जमतंय का? तिने दोनदा सांगितलं, माहीत नाही.

मग एकेक फोल्डर यायला लागले. नावं सुचिताने दिलेली, वर्ष आणि उधाणाची तिथी. मैथिली मोजत होती. अकरा वर्षं नीट आली. सातव्या वर्षाच्या फोल्डरची नावं आणि तारखा गेल्या होत्या, नुसते फोटो होते, मागेपुढे झालेले. आज टाकलेला नवा फोल्डर आलाच नाही, पण ते फोटो कोंडाजीच्या फोनमध्ये होतेच.

“सातवं जाऊ दे,” कोंडाजी म्हणाला. सुनावणीनंतर माझ्याकडे बघून त्याने म्हटलेलं ते पहिलं वाक्य.

“का जाऊ दे?” जनी म्हणाली. “सातव्यात तुमच्या पायाला प्लास्टर हाय. बांधावर बसून मला शिव्या देत होतात. प्लास्टर कधी घातलं त्याचा कागद घरात हाय की.”

मैथिलीने पहिल्या वर्षाचा फोटो उघडला. मी तो कधीच पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मी त्यातला एकही नीट पाहिलेला नव्हता. दगडावर जनी, बारा वर्षांनी तरुण, हातात काठी. मागे भाताची खुंटं, पाण्यात बुडत चाललेली, आणि त्यामागे डोंगराची सोंड. मग दुसऱ्या वर्षाचा, तिसऱ्या वर्षाचा. मैथिली एकेक पुढे नेत होती. तिवरं वाढत गेली, जनी जाड होत गेली, काठीवरचे पट्टे पुसट झाले आणि पुन्हा रंगवलेले दिसले. सुचिता एकाही फोटोत नव्हती. कशी असेल, तीच काढत होती.

पण जनी प्रत्येक फोटोत हसत होती. शेत बुडतंय आणि ही हसतेय. मी तिला विचारलं, का?

“वन्सं दर वेळी एकच सांगायच्या,” जनी म्हणाली. “पोट आत घे, सरकारी फोटो हाय.”

कोंडाजी हसला आणि लगेच दुकानाबाहेर गेला. मीही थोड्या वेळाने गेलो. आम्ही पायरीवर बसलो. या वेळी तो सरकून बसला होता, मला जागा करून.

मैथिलीने दोन प्रती करून दिल्या. एक कोंडाजीकडे, एक माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला आम्ही कचेरीत होतो. कारकुनाने नवी डिस्क मॅडमच्या मशीनला लावली. उघडली. मॅडमनी फोटो स्वतः बघितले, एकामागून एक, पुन्हा पहिल्यापासून. डोंगराची सोंड प्रत्येकात आहे का ते बोटाने तपासलं. सातव्या वर्षाच्या प्लास्टरवर थांबल्या, कोंडाजीकडे पाहिलं, त्याने कागद पुढे केला. साडेअकरा होऊन गेले तरी त्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, तिवरं आधीपासून होती हे वाक्य मी काढते. बांधाच्या पाहणीची शिफारस करते. पुढचं वरचे लोक ठरवतील, पण ही जागा बांध घालायच्या जागांच्या यादीतून जाणार नाही.

कोंडाजीने हात जोडले. मॅडम म्हणाल्या, त्या बाईंना जोडा. नुसत्या फोटोंवरून मी एवढ्या लवकर म्हणाले नसते.

मग कारकुनाने डिस्क काढायला घेतली. कोपऱ्यातल्या खुणेवर गेला. डिस्क वापरात आहे, असं आलं. तो म्हणाला, च्यायला, आणि हात वायरीकडे नेला. मग थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं.

मी हात मागे बांधून उभा होतो. डिस्कला हात लावावा असं फार वाटत होतं.

“काहीतरी उघडं असेल,” मी म्हटलं.

कारकुनाने शोधलं. मॅडमच्या पडद्यावर एक फोटो उघडा राहिला होता, खिडकी खाली सरकवलेली. त्याने वर आणली. पहिल्या वर्षाची जनी, पोट आत घेतलेली. त्याने ती बंद केली आणि पुन्हा विचारलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. बाहेर पुढच्या नंबरची माणसं दारात गोळा झाली होती. कोणी घाई केली नाही.

या वेळी उत्तर आलं. डिस्कचा दिवा विझला.

“काढू?” कारकुनाने मला विचारलं.

“आता काढा,” मी म्हटलं.